कागदाचे कापड आणि त्यामागील शेती

जपानमधील नारा या प्राचीन राजधानीत तोदाइजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. तेथे दरवर्षी 1 ते 14 मार्च या काळात 'शुनी-ए' हा विधी होतो. इसवी सन 752 मध्ये सुरू झालेला हा विधी आजवर एकदाही खंडित झालेला नाही, अशी मंदिराची परंपरा सांगते. त्यासाठी निवडलेले अकरा भिक्षू कडाक्याच्या थंडीत रात्री जागवतात आणि या काळात त्यांच्या अंगावर कागदाचा अंगरखा असतो. हा कागद सहजी फाटत नाही, वारा अडवतो आणि अंगाची ऊब धरून ठेवतो. अशा कागदी वस्त्राला जपानी भाषेत 'कामिको' म्हणतात. कोरा कागद हातांनी चोळून, चुरगाळून, पुन्हा उलगडून त्याला कापडाचा मऊपणा आणला की जो कागद तयार होतो, त्याचे नाव 'मोमिगामी'. 'मोमू' या क्रियापदाचा अर्थ कणीक मळावी किंवा अंग रगडावे तसे मळणे, चोळणे. मराठीत 'मळलेला कागद' म्हटले की घाणेरडा कागद डोळ्यांपुढे येतो, म्हणून या लेखात 'चोळलेला कागद' असाच शब्दप्रयोग केला आहे.

हस्तकलेचा हा विषय कृषिविषयक वार्तापत्रात कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. चोळलेल्या कागदाचे बहुतेक गुण शेतातून येतात, हे त्याचे उत्तर. एक झाड तंतू देते, भेंडीच्या प्रजातीतील एक पीक चिकटा देते आणि सुरणाचा एक भाऊबंद खळ देतो. यांपैकी दोन पिकांचे सगेसोयरे आपल्या परसात आणि बांधावर वाढतात. त्यामुळे 'मग हे आपल्याकडे का होऊ नये' असे एखाद्या उत्साही शेतकऱ्याने किंवा बचत गटाने विचारले, तर विस्तार कार्यकर्त्याला उत्तर देण्याआधी या वनस्पती नीट ओळखाव्या लागतील. नामसाधर्म्यावर किंवा कुळसाधर्म्यावर विसंबून दिलेला सल्ला येथे महागात पडू शकतो.

रेशीम, कापूस आणि कागद

माणसाने कागद अंगावर घ्यावा अशी वेळ का आली, हे आधी पाहू. बौद्ध भिक्षूंनी कागदी वस्त्र स्वीकारले याचे एक कारण परंपरेने असे सांगितले जाते की, रेशमासाठी जीव मारावा लागतो. रेशमाचा धागा अखंड उलगडायचा तर पतंग बाहेर पडण्याआधीच कोशातील कीटक उष्णतेने मारावा लागतो. पतंगाने कोश भेदला की धागा तुटक होतो. कीटकशास्त्राच्या वर्गात आपण हे निर्विकारपणे शिकतो. त्या भिक्षूंना मात्र ते टोचत होते.

दुसरे कारण हवामानाचे. जपानमध्ये कापसाची लागवड सोळाव्या शतकापासून पसरत गेली, परंतु ईशान्येकडील तोहोकू प्रदेशाचा उन्हाळा कापसाला पुरेसा नव्हता. तेथील सामान्य माणसाकडे ताग-अंबाडीसारख्या वाखाचे कापड होते. उन्हाळ्यात ते चांगले, पण हिवाळ्यात वारा त्यातून आरपार जातो. चोळलेला कागद वारा अडवतो. याच प्रदेशातील शिरोइशी हे गाव, जे आज मियागी प्रांतात आहे, कागदी वस्त्रांसाठी नावाजले. कागदाच्या पट्ट्या कापून, त्यांना पीळ देऊन विणलेले 'शिफू' हे कापडही तेथे होत असे. मात्सुओ बाशो हा कवी 1689 मध्ये उत्तरेकडील प्रदेशाच्या पायी प्रवासाला निघाला, तेव्हा त्याच्या मोजक्या सामानात रात्रीच्या थंडीसाठी एक कागदी वस्त्र होते, अशी नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे. हलके, घडी होणारे आणि स्वस्त असे दुसरे पांघरूण त्या काळी बहुधा नव्हतेच.

चोळल्याने काय घडते

कोणताही कागद म्हणजे एकमेकांवर पडलेल्या वनस्पतीतंतूंची जाळी. ओला लगदा वाळताना शेजारचे तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात आणि कागद ताठ होतो. तो चुरगाळला की काही बंध सुटतात, असंख्य बारीक चुण्या पडतात आणि ताठपणा जातो. आपल्या वहीचा किंवा वर्तमानपत्राचा कागद असा चोळला तर मऊ होण्याऐवजी त्याचा भुगा होईल, कारण लाकडाच्या लगद्यातील तंतू जेमतेम 1 ते 3 मिलिमीटर लांब असतात. बंध सुटले की त्यांना धरून ठेवणारे काही उरत नाही. जपानी हातकागदात वापरल्या जाणाऱ्या 'कोझो'च्या सालीतील तंतू सरासरी 10 मिलिमीटरच्या आसपास भरतात. असा एक तंतू वाटेत कितीतरी तंतूंना ओलांडतो. काही सांधे निखळले तरी उरलेले त्याला धरून ठेवतात.

तरीही निव्वळ चोळलेला कागद पाण्यापुढे टिकत नाही, आणि येथे खळीचे काम सुरू होते. 'कोन्याकू' नावाच्या कंदाचे पीठ पाण्यात भिजवून दाटसर, पारदर्शक खळ करतात. लिटरभर पाण्याला पिठाचे काही चमचे पुरतात, इतके ते फुगते. ही खळ ब्रशने कागदाच्या दोन्ही बाजूंना लावून वाळवतात. मग कागद कडांकडून गोळा करत मुठीत घेतात, दाबतात, उघडतात, दिशा बदलून पुन्हा गोळा करतात. हे कितीतरी वेळा चालते. आधी कागद कडकड वाजतो, मग आवाज मंदावतो आणि शेवटी तो सुती रुमालासारखा मुका होतो. काही ठिकाणी कागद काठीभोवती गुंडाळून दोन्ही टोकांकडून रेटतात. त्यामुळे चुण्या एकसारख्या पडतात. खळीऐवजी किंवा खळीबरोबर कच्च्या पर्सिमॉन फळांचा आंबवलेला तुरट रस लावण्याचीही पद्धत होती. त्यातील टॅनिनमुळे कागद तपकिरी होतो आणि पाण्याला दाद देत नाही.

क्योतोच्या सजावटी कागदांतही मोमिगामी नावाचा एक प्रकार आहे. त्यात दोन रंगांचे थर देऊन कागद चुरगाळतात, म्हणजे वरच्या थराला तडे जाऊन खालचा रंग दिसतो. वस्त्राशी त्याचा संबंध नाही.

छाटणीवर जगणारे झाड

कोझो म्हणजे कागदी तुती. शास्त्रीय भाषेत ब्रूसोनेशिया प्रजातीतील जाती आणि त्यांचे संकर. कुळ आपल्या तुतीचेच. हे झाड कागदासाठी झाड म्हणून वाढू दिले जात नाही. पानगळीनंतर, हिवाळ्यात, वर्षभराच्या कोवळ्या फांद्या बुडख्यापासून कापतात. वसंतात बुडख्यातून नवे फुटवे येतात आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा कापणी होते. रेशीम उत्पादक शेतकऱ्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. कापलेल्या फांद्या वाफवून साल सोलतात, वरची काळी साल खरवडून काढतात, आतली पांढरी साल वाळवतात. पुढे ती राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात शिजवून, धुवून, तिच्यातील एकेक काळा ठिपका हाताने वेचून मगच कुटतात. फुटव्यांना बाजूच्या फांद्या येऊ दिल्या तर सालीत डाग व गाठी वाढतात, म्हणून उन्हाळ्यात कोवळे डोळे खुडत राहावे लागतात. कागदाची प्रत अशी कारखान्यात जाण्याआधीच शेतात ठरते.

जपानमध्ये कोझोची लागवड आता बरीच आक्रसली आहे. थायलंड आणि पॅराग्वेसारख्या देशांतून साल आयात होते. पॅराग्वेतील लागवडीमागे तेथे स्थायिक झालेले जपानी शेतकरी आहेत.

भेंडीची बहीण

कुटलेली साल पाण्यात टाकली की लांब तंतू एकमेकांत गुंततात आणि तळाशी बसतात. ते सुटे व तरंगते ठेवण्यासाठी पाण्यात बुळबुळीत चिकटा मिसळतात. तो 'तोरोरो-आओई' या वनस्पतीच्या मुळांतून मिळतो. हिचे शास्त्रीय नाव अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट, म्हणजे भेंडीच्या प्रजातीतीलच एक जाती. नावाने चिकटा असला तरी हा डिंक नव्हे. त्याचे काम पाणी दाट करून साच्यातून त्याचा निचरा सावकाश होऊ देणे एवढेच आहे, म्हणजे कागद करणाऱ्याला साचा हलवून तंतू सर्व दिशांनी बसवता येतात. तापमान वाढले की हा चिकटा पातळ होतो. उत्तम हातकागद थंडीत होतो तो यामुळे.

कोल्हापूरच्या गुऱ्हाळांवर उसाचा रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. काम निराळे, पण गुण त्याच प्रजातीचा. आमच्या कीटकशास्त्राशी या बहिणीचे नाते आणखी जवळचे आहे. भेंडीवरील पिवळा शिरा मोझॅक हा विषाणुरोग पांढरी माशी पसरवते. 'पुसा सावनी' हे लोकप्रिय वाण त्याला बळी पडू लागले, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात त्या वाणाचा मॅनिहॉट जातीशी संकर करून 1980 च्या दशकात 'परभणी क्रांती' तयार करण्यात आले. पुढे त्याची प्रतिकारशक्ती अनेक भागांत उणावली, ही गोष्ट वेगळी. ज्या जातीच्या मुळांवर जपानचा कागद तरंगतो, त्याच जातीचे रक्त मराठवाड्याच्या भेंडीत उतरले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आणि नेमके हेच पीक आज या कलेचा सर्वांत कच्चा दुवा आहे. मुळे पोसली जावीत म्हणून उन्हाळ्यात येणाऱ्या कळ्या सतत हाताने खुडाव्या लागतात. निंदणी हाताने, काढणी हाताने, मुळे धुणे हाताने. इबाराकी प्रांतातील ओमितामा हे या पिकाचे प्रमुख केंद्र. तेथे उरलेल्या मोजक्या वयस्क शेतकऱ्यांनी लागवड थांबवण्याचा मनोदय 2019 मध्ये जाहीर केला, तेव्हा देशभरातील कागद करणारे हादरले. त्याआधी पाचच वर्षे, 2014 मध्ये, शिमाने, गिफू आणि साइतामा या प्रांतांतील तीन हातकागदांना युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले होते. मान कारागिराला मिळाला. कळ्या खुडणाऱ्या शेतकऱ्याला त्या मानातून काय मिळाले, हे विचारण्यासारखे आहे. कारागिराला अनुदान, प्रदर्शन आणि पुरस्कार देणाऱ्या योजना कच्चा माल पिकवणाऱ्यापर्यंत क्वचितच पोहोचतात, असा अनुभव आपल्याकडेही आहे.

सुरणाचा भाऊबंद

कोन्याकू म्हणजे अमॉर्फोफॅलस कोन्जॅक. आपला सुरण आणि कोकणात पावसाच्या तोंडावर मिळणारी शेवळे याच प्रजातीतील. कंदाला सुरणासारखीच खाज असते, कारण दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक आहेत. जपानमधील 90 टक्क्यांहून अधिक उत्पादन गुन्मा या एकाच डोंगराळ प्रांतातून येते. वसंतात लावलेला लहान कंद शरदात खणून काढतात, थंडीत गारठणार नाही अशा जागी ठेवतात, पुढच्या वसंतात पुन्हा लावतात. विक्रीयोग्य कंद मिळेपर्यंत साधारण तीन वर्षे ही उस्तवार चालते. दर हंगामात या रोपाला एकच पान येते. गारपीट, वादळ किंवा मशागतीच्या अवजाराने ते जखमी झाले तर दुसरे येत नाही. शिवाय जखमेतून जिवाणू शिरतात. पानावरील जिवाणूजन्य करपा आणि कंदाची सड हे या पिकाचे मोठे शत्रू आहेत. सुरण पिकवणाऱ्यांनी आंतरमशागतीत जी काळजी घ्यावी असे आपण सांगतो, तिचे हेच कारण.

ताजा कंद नाशवंत आणि जड असतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मितो संस्थानातील नाकाजिमा तोएमोन या शेतकऱ्याने कंदाच्या चकत्या वाळवून पीठ करण्याची रीत बसवली आणि कोन्याकू वर्षभर, दूरवर विकले जाऊ लागले. काढणीपश्चात प्रक्रियेचे याहून सुटसुटीत उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

या पिठातील ग्लुकोमॅनन हा घटक महत्त्वाचा. तो पाण्यात प्रचंड फुगतो. त्याच्या साखळीवर अ‍ॅसिटिल गट असतात तोवर तो विरघळलेला राहतो. चुन्याच्या निवळीसारख्या अल्कधर्मी द्रावणाने ते गट निघून गेले की साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगतात आणि पुन्हा पाण्यात विरघळत नाहीत. खाण्याचा कोन्याकू याच क्रियेने जमतो, आणि खळ लावलेल्या कागदावर निवळी फिरवली तर त्यावरचा पापुद्राही असाच कायमचा पक्का होतो.

या पापुद्र्याच्या बळकटीचा एक दुःखद उपयोगही इतिहासात नोंदला गेला आहे. नोव्हेंबर 1944 ते एप्रिल 1945 या काळात जपानी सैन्याने कोझोचा कागद कोन्याकूच्या खळीने थरांवर थर चिकटवून सुमारे 10 मीटर व्यासाचे हायड्रोजन भरलेले फुगे बनवले आणि बाँब बांधून प्रशांत महासागरापार सोडले. संख्या नऊ हजारांहून अधिक. कागद चिकटवायला शाळकरी मुली लावल्या होत्या आणि बाजारातून कोन्याकू दिसेनासा झाला. 5 मे 1945 रोजी अमेरिकेतील ओरेगन राज्यात सहलीला गेलेल्या एका गर्भवती स्त्रीचा आणि पाच मुलांचा अशा एका बाँबच्या स्फोटात मृत्यू झाला.

कीड लागते का?

कागदाचे कापड म्हटले की माझ्या मनात हा प्रश्न आधी येतो. लोकर व रेशीम खाणाऱ्या कपड्यांच्या पतंगाच्या अळ्या प्राणिज प्रथिनांवर जगतात. सेल्युलोजचे वस्त्र त्यांच्या कामाचे नाही, म्हणून कामिकोला त्यांचे भय नाही. कसरीचे मात्र आहे. ही चंदेरी, पंख नसलेली किड कागदाचा पृष्ठभाग आणि पिठूळ खळ खरवडून खाते, आणि दमट, अंधारी जागा तिला आवडते. पुस्तकांत भोके पाडणारे भुंगेरे व वाळवी यांनाही कागद वर्ज्य नाही. जपानी घरांत आणि मंदिरांत त्यावर जुना उपाय होता, तो म्हणजे वर्षातून एकदा कोरड्या हवेत वस्त्रे व पोथ्या बाहेर काढून वाऱ्यावर पसरणे. प्राचीन काळी धर्मग्रंथांचा कागद 'किहादा' झाडाच्या पिवळ्या सालीने रंगवत, कारण तो कीड दूर ठेवतो. त्या सालीत बर्बेरिन असते, जे आपल्या दारुहळदीतही आहे.

आपल्याकडे काय करता येईल

आता मूळ प्रश्न. पहिली गोष्ट, सुरणाच्या पिठाने हे काम होणार नाही. सुरणाच्या कंदात मुख्यतः स्टार्च असते, ग्लुकोमॅनन अत्यल्प. स्टार्चची खळ कपड्याला कडकपणा देते, पाण्यात सुटते आणि कसरीला आमंत्रण देते. प्रजाती एक असली तरी कोठारात साठवलेला माल निराळा आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. कागदी तुती लावा, असा सल्ला कोणी सहज देऊ नये. इस्लामाबाद शहरात 1960 च्या दशकात हिरवाईसाठी ही झाडे लावली गेली. ती मुळांच्या फुटव्यांनी आणि पक्ष्यांनी नेलेल्या बियांनी बेसुमार पसरली. नर झाडांच्या परागकणांमुळे तेथे दर वसंतात हजारो लोकांना दम्याचा व अ‍ॅलर्जीचा त्रास होतो. घानाच्या जंगलांतही तिने असेच पाय रोवले. जपानमध्ये दरवर्षी बुडख्यापासून होणारी कापणी हेच तिच्यावरचे नियंत्रण आहे. बाजार मिळाला नाही आणि कापणी थांबली, तर शेतात उरते ते तण. परदेशी कीटक आणि वनस्पती यांच्या बाबतीत आपण विलगीकरणाचे नियम पाळतो, तसाच संयम येथे हवा.

देशात पर्याय आहेत. अरुणाचल प्रदेशातील तवांगचे मोनपा लोक शतकानुशतके डॅफ्ने प्रजातीच्या झुडपाच्या सालीपासून 'मोन शुगू' कागद करत आले आहेत. बौद्ध पोथ्या त्यावर लिहिल्या जात. ही कला अस्तंगत होत असताना खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये तवांगला तिचे केंद्र सुरू केले. पूर्व हिमालयात वाढणारे 'अर्गेली' हे झुडूप त्याच कुळातले. नेपाळचे शेतकरी त्याची साल सोलून, स्वच्छ करून जपानला पाठवतात आणि तिचा उपयोग तेथील चलनी नोटांच्या कागदात होतो. सिक्कीम व दार्जिलिंगच्या डोंगरांतही हे झुडूप आहे. या सालींचे तंतू कोझोहून आखूड, पण लाकडाच्या लगद्याहून बरेच लांब. महाराष्ट्रात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद प्रसिद्ध आहे, परंतु आपल्याकडील हातकागद प्रामुख्याने सुती चिंध्यांचा असतो आणि चिंध्या कुटताना तंतू तुटतात. पिशवी किंवा वहीच्या बांधणीइतपत मऊपणा त्याला येऊ शकेल. अंगरख्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

प्रयोग करून पाहायचा असेल तर लागवडीपासून सुरुवात करण्याची गरज नाही. सालीच्या लांब तंतूंचा, फार जाड नसलेला हातकागद घ्यावा. खाद्य उद्योगासाठी विकले जाणारे कोन्जॅक पीठ थंड पाण्यात हळूहळू टाकत ढवळावे, गुठळ्या होऊ देऊ नयेत आणि ते पुरते फुगेपर्यंत थांबावे. खळ दोन्ही बाजूंना पातळ लावून कागद सावलीत वाळवावा, मग थोडा दमट असताना चोळायला घ्यावा. एका कागदाला किती मिनिटे लागली, किती कागद फाटले, पिठाचा खर्च किती आला, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवावे. त्या आकड्यांशेजारी बाजारातील सुती पिशवीची किंमत मांडून पाहिल्यानंतरच बचत गटाशी पुढचे बोलावे.